बावीस फुटी खांब

खांब वखारीत आडवा पडलेला असतो तेव्हा अगदी गरीब दिसतो. रस्त्यावर आणला की तो थोडा वाढतो. आणि गल्लीत शिरला की असा ऐसपैस होतो की वाटतं, गल्ली त्याच्यासाठीच बांधली होती, आपण सगळे उगीच मध्ये राहायला आलो. हे मी ऐकीव सांगत नाही. आमच्या स्काउट पथकाचा बावीस फुटी खांब मी स्वतः गल्लीत घातला. तो बाहेर कसा काढावा याबद्दल गल्लीतल्या प्रत्येक माणसाने मला जे जे सुचवलं, ते सगळं मी उभ्याने ऐकून घेतलेलं आहे.

आधी पत्राचं सांगतो.

सोमवारी वाचनालयाच्या पत्त्यावर पथकाच्या नावाने एक लांबट पाकीट आलं. आमचं पथक वाचनालयामागच्या अंगणात भरतं. तेवीस मुलं, चार संघ. पथक चालवतात त्या शाळेतल्या चित्रकलेच्या बाई. त्यांना सगळे कॅप्टन म्हणतात. त्यांच्या हाताखाली मी. वय सदुसष्ट, गळ्यात हिरवा स्कार्फ, काम गाठी शिकवण्याचं. छत्तीस वर्षं मी गोदामात ट्रकवर माल बांधला, त्यामुळे दोर म्हटला की माझे हात मला न विचारता चालू लागतात. मुलं मला दोरवाले आजोबा म्हणतात. माझी सख्खी नात एका संघाची नायक आहे. ती पथकात मला नुसतं 'आजोबा' म्हणते, पण अशा आवाजात की मी आपोआप ताठ उभा राहतो.

कॅप्टन त्या आठवड्यात घरी होत्या. मागच्या शिबिरात उंचावरून सुरक्षित उडी कशी मारावी हे मुलांना दाखवताना त्यांचा पाय मोडला होता. तेव्हा पाकीट मीच फोडलं.

अक्षरं मी एकसष्टाव्या वर्षी शिकलो, याच वाचनालयातल्या संध्याकाळच्या वर्गात. पाट्या, औषधाच्या बाटल्या, वर्तमानपत्रातले ठळक मथळे, हे सगळं वाचून झालं होतं. पण वर शिक्का, डाव्या कोपऱ्यात क्रमांक, असं कचेरीतून आलेलं पत्र हातात पडलं ते पहिल्यांदाच. ग्रंथपाल म्हणाले, "द्या काका, मी वाचून दाखवतो." मी म्हणालो, "नको." चष्मा पुसला, पायरीवर बसलो, कॅप्टनना फोन लावला आणि मोठ्याने वाचायला लागलो. एका पानाला पंचवीस मिनिटं लागली. कॅप्टन शांतपणे ऐकत होत्या. मधे एकदा त्यांच्याकडे कुकरची शिट्टी झाली, तीही मला टाळी वाजल्यासारखी वाटली.

पत्रातला मजकूर असा: येत्या रविवारी सकाळी आठ वाजता मुख्य कार्यालयाच्या निरीक्षक आपल्या पथकाची तपासणी करतील. पथकाकडे किमान अठरा फूट उंचीचा ध्वजस्तंभ असणं आवश्यक आहे. तो नसल्यास पथकाची स्वतंत्र नोंदणी रद्द होऊन ते पुलापलीकडच्या मोठ्या शाळेच्या पथकात विलीन करण्यात येईल.

"सगळं वाचलंत ना?" कॅप्टननी विचारलं.

"अक्षर न् अक्षर," मी म्हणालो.

पुलापलीकडची मोठी शाळा म्हणजे दोन बस बदलायच्या, पॉलिश केलेले बूट घालायचे आणि शुल्क आगाऊ भरायचं. आमच्या तेवीसपैकी चार-पाच मुलं तिथे पोहोचली असती. बाकीची रविवारी सकाळी घरी बसली असती. नातीने हिशेब करून सांगितलं, तिच्या संघातलं कोणीच गेलं नसतं. "मीसुद्धा नाही," ती म्हणाली, "मी माझा संघ सोडून जाणार नाही." बारा वर्षांची मुलगी, पण बोलली की तिच्या आजीची आठवण येते, आणि आजी तर शेजारच्याच खोलीत असते.

कॅप्टन म्हणाल्या, "काका, आता तुमच्यावरच आहे सगळं."

हे वाक्य मला कोणी बोलायला नको होतं. माझी छाती फुगली की माझं डोकं थोडं मागे राहतं, असं आमच्या घरातल्या मंडळींचं मत आहे. पत्राची घडी घातली, शर्टाच्या आतल्या खिशात ठेवली, बटण लावलं. दुसऱ्या कोणाला ते बघायला मिळालं नाही. बघायला मागितलं त्याला मी तोंडपाठ म्हणून दाखवलं.

गुरुवारी शाळा सुटल्यावर बारा मुलं घेऊन वखारीत गेलो. वखारवाला माझा जुना ओळखीचा. त्याने जुन्या बांधकामातला एक निलगिरीचा खांब फुकट देऊ केला. मापला, तर बावीस फूट.

"अठराला कापून देऊ?" त्याने विचारलं.

"किमान अठरा म्हटलंय," मी म्हणालो. "किमान म्हणजे कमीत कमी. जास्तीला मनाई नाही."

"चार फूट जास्तीचं काय करणार?"

पुलापलीकडच्या शाळेचा खांब वीस फुटांचा आहे, हे त्याला सांगायची गरज नव्हती.

मुलांनी खांब खांद्यावर घेतला तो इतका सुरेख, की मोठ्या रस्त्यावर लोक थांबून बघत होते. मी पुढे, नात मागे. डावं-उजवं, डावं-उजवं. एक बाई मुलाला म्हणाली, "बघ, कसे शिस्तीत चाललेत." मी तिच्याकडे पाहिलं नाही, पण चाल जरा जास्तच डौलदार केली. वाचनालयाकडे जायची वाट, म्हणजे आमची गल्ली, येईपर्यंत सगळं असंच चाललं.

आमची गल्ली सहा फूट रुंद आहे आणि मध्यावर ती काटकोनात वळते. वळणावर एका बाजूला सलून, दुसऱ्या बाजूला शिंप्याचं दुकान. वर विजेच्या तारा, हात उंच केला तर लागणार नाहीत पण बावीस फुटी खांब उभा केला तर नक्की लागतील अशा. खांबाचं पुढचं टोक वळणावर शिंप्याच्या खिडकीत गेलं. गजांमधून आत, शिलाई मशिनच्या वर. मागचं टोक वळवताना सलूनच्या दारातून आत. आत गिऱ्हाईक होतं, तोंडाला फेस.

"काका," सलूनवाला शांतपणे म्हणाला, "नंबर लावायला एवढा मोठा दांडा लागत नाही."

इथे मी थांबायला हवं होतं. पण मुलं माझ्याकडे बघत होती. मी म्हणालो, "सगळे मिळून, एक, दोन, हो!" तेवढा एक जोर लागला आणि खांब बसला. बुंध्याकडचा जाड भाग चौकटीत, शेंडा गजांत, असा घट्ट की त्यावर दोन मुलं चढून बसली तरी हलेना. मी पुन्हा पुन्हा बघितलं. काम उत्तम झालं होतं. छत्तीस वर्षं मी माल जराही हलणार नाही असा बसवत आलो. तो उतरवायची जबाबदारी नेहमी पुढच्या गावच्या माणसाची होती.

मग सल्ले सुरू झाले.

टपाल खात्यातून निवृत्त झालेले भाऊसाहेब पाटी-खडू घेऊन आले. त्यांनी काटकोन काढला, दोन रेघा मारल्या आणि जाहीर केलं की या वळणावरून जास्तीत जास्त सतरा फूट जाऊ शकतो.

"म्हणजे कापायचा?" शिंपी आशेने म्हणाला.

"सतरा चालत नाही," मी म्हणालो. "अठरा हवा."

"मग एक फूट वळणाला सांगा सरकायला," सलूनमधलं गिऱ्हाईक फेसाआडून म्हणालं.

एकाने तेल लावा म्हटलं, एकाने साबण. वरच्या मजल्यावरच्या आजी म्हणाल्या, त्यांच्या लग्नातलं कपाट असंच अडकलं होतं आणि ते अजून जिन्यातच आहे, सवय होते. माझा मेहुणा, म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ, तीन गल्ल्या पलीकडे राहतो. तो फक्त बघायला आला. खांबाला एक चक्कर मारायला त्याला सलूनमधून शिंप्याच्या दुकानात दोनदा वाकून जावं लागलं, पण त्याने ती मारली.

"भावोजी," तो म्हणाला, "आत घातलात कसा, तेवढं सांगा. बाकी मी समजून घेतो."

शुक्रवारी मी वीज कचेरीत गेलो. दोन तास तारा बाजूला केल्या असत्या तर खांब उभा करून वळणावरून फिरवता आला असता. खिडकीतला कारकून सज्जन होता. त्याने मला खुर्ची दिली आणि दोन प्रकारचे अर्ज पुढे ठेवले.

"खांब नवीन उभा करायचाय की जुना हलवायचाय?"

"अडकलाय," मी म्हणालो.

त्याने दोन्ही अर्ज उलटसुलट पाहिले. अडकलेल्याचा रकाना नव्हता. "बरं, नवीन धरू. खांब कोणाच्या मालकीचा?"

"पथकाचा."

"पथकाचा नोंदणी क्रमांक?"

"तो खांब उभा राहिला की पक्का होईल."

"आणि खांब कधी उभा राहील?"

"तुम्ही तारा बाजूला केल्या की."

"आणि तारा आम्ही बाजूला करणार नोंदणी क्रमांक मिळाला की." मग त्याने अर्ज परत घेतले, नीट चवड केली आणि म्हणाला, "चहा घेणार का काका?" मी घेतला. कचेरीतून माझ्या हाती लागलेली ती एकमेव वस्तू.

घरी यायला निघालो तर वाटेत वाचनालयाचा शिपाई धावत येताना दिसला. सकाळी मी एका संघाला अंगणात खड्डा खणायला सांगितलं होतं. शाळेला सुट्टी होती आणि वेळ वाया घालवणं मला सोसत नाही. साडेपाच फूट खोल, खांबाच्या चौथाईइतका, असं मीच सांगितलं होतं. मुलांनी सांगितलेलं तंतोतंत केलं. साडेतीन फुटांवर पाण्याचा नळ लागला आणि त्यांनी तोही तंतोतंत खणला.

अंगणात पोहोचलो तेव्हा कारंजं वाचनालयाच्या खिडकीइतकं उंच उडत होतं. ग्रंथपाल आतली खालच्या फळीवरची पुस्तकं वरच्या फळीवर ठेवत होते, मुलं रांग करून त्यांना हातोहात पुस्तकं देत होती. ग्रंथपालांनी माझ्याकडे फक्त पाहिलं. मी याच माणसाकडे अक्षरं शिकलो. त्यांनी ओरडायला हवं होतं. ओरडले असते तर बरं वाटलं असतं. नळवाल्याने येऊन पाणी मागच्या चावीने बंद केलं, दुरुस्तीसाठी सोमवार दिला आणि जाता जाता अंगणाकडे बघून म्हणाला, "हे वाळायला आठवडा लागेल. यात आत्ता काठी रोवली तर काठीच खाली जाईल."

शनिवारी सकाळी गल्लीत गेलो. सलूनवाल्याने खांबावर टॉवेल वाळत घातले होते. दुसऱ्या टोकाला शिंप्याने तयार कपडे हँगरला लावून ठेवले होते. मधल्या भागात कोणाचं तरी मूल लोंबकळत होतं. दोन दिवसांत खांब कुटुंबातला झाला होता. फक्त मी परका.

घरी आलो, खुर्चीत बसलो. बायकोने काही न बोलता पाण्याचा तांब्या समोर ठेवला. ती काही बोलत नाही तेव्हा परिस्थिती गंभीर असते.

नात आली. गणवेशात. म्हणाली, "आजोबा, पत्र द्या."

"मला पाठ आहे. विचार."

"मला ऐकायचं नाही. वाचायचंय. संघनायकांची बैठक आहे, आम्हाला ते नेमकं बघायचंय."

खिशाचं बटण काढलं. पाच दिवस छातीशी राहून कागद मऊ झाला होता. तिने तो उलगडला, वाचला, आणि मग तिने जे केलं ते मी पाच दिवसांत एकदाही केलं नव्हतं. तिने तो उलटला.

पलीकडेही छापलेलं होतं.

"ध्वजस्तंभ," तिने वाचलं, "पथकातील मुलांनी स्वतःजवळच्या साहित्यातून, तपासणीच्या दिवशीच बांधून उभा करावा. बाहेरून आणलेला अथवा कायमचा पुरलेला खांब ग्राह्य धरला जाणार नाही."

मी वर्गात ज्या पुस्तकावर शिकलो त्यात प्रत्येक पान उलटायचं असतं हे मला माहीत होतं. पण ते पुस्तक. पत्राच्या पहिल्या पानाखाली ठसठशीत शिक्का होता. आयुष्यभर गोदामात कागदावर शिक्का बसला की कागद संपला, माल सुटला, असंच मी पाहत आलो होतो. शिक्क्यानंतर आणखी काही असतं, हे मला कोणी सांगितलं नव्हतं, आणि मीही कोणाला सांगायला मोकळीक ठेवली नव्हती.

"ग्राह्य म्हणजे काय?" मी विचारलं. माहीत होतं. तरी विचारलं.

"म्हणजे आपला खांब तिथेच राहू दे," नात म्हणाली. बायको स्वयंपाकघरातून बाहेर आली, माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा आत गेली. तिचे खांदे हलत होते. ती रडत नव्हती.

कॅप्टनना मीच फोन केला. दुसऱ्या कोणाच्या तोंडून त्यांना कळायला नको होतं. सगळं सांगितलं, शेवटी म्हणालो, "कॅप्टन, मी स्कार्फ परत करतो."

त्या म्हणाल्या, "काका, उंचावरून सुरक्षित उडी कशी मारायची हे मी शिकवायला गेले होते. मी स्कार्फ परत केला का? मुलांना दोर काढून द्या आणि तुम्ही बाजूला बसा. बाजूला, ऐकलंत?"

मी बाजूला बसलो. फार कठीण काम आहे ते. मुलांनी लाठ्या आणल्या. प्रत्येक स्काउटकडे साडेपाच फुटांची एक लाठी असतेच, तीच त्यांची स्वतःजवळची सामग्री. नातीने हिशेब मांडला: खाली तीन, त्यावर तीन, मग दोन, दोन आणि वर एक. अकरा लाठ्या, प्रत्येक जोडावर दोन फूट एकमेकींवर. मला दोन वेळा तोंड उघडावंसं वाटलं. एकदा एका मुलाने दोराचा वेढा उलटा घेतला तेव्हा, पण शेजारच्या मुलीने "अरे, आजोबा काय सांगतात? आधी गळा आवळ, मग कंबर!" म्हणून त्याला सुधारलं. माझं वाक्य. माझ्याच चालीत. मी तोंड मिटलं.

एक अडचण राहिली. अंगणात चिखल, म्हणून जागा बदलून गल्लीच्या टोकाचा चौक ठरला. चौकाला फरसबंदी. खांबाला सहा बाजूंनी ताण, म्हणजे ओढून धरणारे दोर हवे, आणि ताणाला जमिनीत ठोकायच्या खुंट्या. फरशीत खुंटी कशी जाणार?

"खुंट्या माणसांच्या करू," नात म्हणाली.

रविवारी पावणेआठला कॅप्टन आल्या. सलूनवाल्याने आपली फिरती खुर्ची चौकात आणून त्यांना बसवलं, प्लास्टरचा पाय एका स्टुलावर. नातीने खुंट्यांची निवड केली होती. सलूनवाला, शिंपी, भाऊसाहेब, मेहुणा, माझी बायको आणि मी. खांबाबद्दल बोललेले चौघे, न बोललेली एक, आणि ज्याच्यामुळे बोलावं लागलं तो.

"आजोबा, तुम्ही इथे. दोर कमरेमागून घ्यायचा, पाय रोवायचे. हलायचं नाही, बोलायचं नाही, सोडा म्हणेपर्यंत सोडायचं नाही."

"मला शिकवतेस?"

"बोलायचं नाही म्हटलं ना."

"बरोबर बोलतेय ती," पलीकडच्या दोरावरून बायको म्हणाली.

निरीक्षक आठला दोन मिनिटं असताना आल्या. ठेंगण्या, पांढऱ्या केसांच्या, हातात वही. त्या गल्लीतूनच आल्या, म्हणजे वळणावर टॉवेलांखालून वाकून आल्या. सरळ होत त्यांनी विचारलं, "तो मधे दांडा कसला?"

सलूनवाला दोर धरून म्हणाला, "टॉवेल वाळत घालायला केलाय बाई, माझाच आहे."

माझ्या मनात त्याच्याबद्दल जे उमटलं ते सांगता येणार नाही. पण पुढच्याच क्षणी सर्वांत लहान संघातला एक पोरगा सावधान उभा राहून म्हणाला, "नाही बाई. तो आमचा चुकलेला खांब आहे. दोरवाले आजोबांनी आणला. पत्राची मागची बाजू राहून गेली होती."

स्काउट खरं बोलतो. हे आम्हीच शिकवलं होतं, तेव्हा तक्रार कोणाकडे करणार? निरीक्षकांनी वहीत काहीतरी लिहिलं. बराच वेळ लिहिलं. माझ्या कानांच्या पाळ्या गरम झाल्या, पण दोर धरलेला होता, तोंड कुठे लपवणार?

"सुरू करा," त्या म्हणाल्या.

मुलांनी लाठ्या बांधल्या. निरीक्षकांनी फीत लावून माप घेतलं: साडेएकोणीस फूट. मग त्या वाकल्या आणि प्रत्येक जोडाच्या दोराखाली करंगळी घालून पाहिली. पहिल्या जोडात करंगळी गेली नाही. दुसऱ्यात गेली नाही. चौथ्यापर्यंत गेली नाही. नातीने हात वर केला, मुलांनी खांब उचलला, आणि आम्ही सहा खुंट्या एकेक वीत दोर घेत गेलो. अकरा लाठ्या एकमेकींच्या खांद्यावर चढून उभ्या राहिल्या.

तेवढ्यात वारा आला.

शेंडा सलूनच्या बाजूला कलला. माझ्या दोराला असा हिसका बसला की टाच फरशीवर सरकली. मेहुणा ओरडला, "भावोजी, धरा!" आयुष्यात पहिल्यांदाच त्याने मला काही करायला सांगितलं आणि मी ते केलं. सलूनवाल्याचा दोर ढिला पडत होता, त्याचं वजन ते काय! त्याच्या दुकानातून एक माणूस अर्ध्या फेसाचं तोंड घेऊन धावत आला आणि त्याच्या कमरेला मिठी मारून मागे वाकला. तेच गुरुवारचं गिऱ्हाईक. त्या आठवड्यात बिचाऱ्याची दाढी एकदाही पुरी झाली नसावी. भाऊसाहेबांची टोपी उडाली. त्यांनी तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. बायकोचा दोर मात्र तारेसारखा ताठ होता. चाळीस वर्षं मी त्या दोराच्या दुसऱ्या टोकाला आहे, मला नवल वाटलं नाही.

खांब परत सरळ झाला. एकही जोड करकरला नाही.

नातीने दोरी ओढली, ध्वजाची घडी वर गेली. एक हिसका, आणि घडी सुटून ध्वज उलगडला. तेवीस मुलांचे हात एकदम कपाळाशी गेले. कॅप्टन फिरत्या खुर्चीतून उठायला लागल्या, खुर्चीने त्यांना अर्धवट फिरवलं, त्यांनी तशीच, शिंप्याच्या दुकानाकडे तोंड करून, सलामी दिली.

निरीक्षक खांबाभोवती फिरल्या. मग माझ्यासमोर येऊन थांबल्या.

"या गाठी कोणी शिकवल्या?"

मला बोलायला बंदी होती. मी नातीकडे पाहिलं. तिने मान हलवली, परवानगी दिली.

"मी," मी म्हणालो. "आणि खांबही मीच आणला. मुलांचा त्यात दोष नाही. पत्र मी एकट्याने ठेवून घेतलं होतं."

"ते लिहिलंय मी," त्या म्हणाल्या. "त्याखाली काय लिहिलं ते वाचता का?" आणि वही माझ्या तोंडासमोर धरली.

चष्मा घरी होता. पण अक्षर मोठं होतं, आणि मला वेळ लागला तरी त्या थांबल्या. मी मोठ्याने वाचलं, सगळ्या चौकाला ऐकू जाईल असं: "जोड उत्तम. मुले आपले काम आपण करतात, चूक झाल्यास लपवत नाहीत. पथक स्वतंत्र राहावे." वाचून झाल्यावर मी म्हणालो, "बाई, पान उलटा."

त्यांनी उलटलं. मागे कोरं होतं.

त्यांनी डावा हात पुढे केला. स्काउट डाव्या हाताने हात मिळवतात. माझ्या उजव्या मनगटाला दोराचा वेढा होता, डावा मोकळा केला आणि दिला. त्यांची पकड चांगली होती. गोदामात नोकरी मिळाली असती त्यांना.

मग एकच गोंधळ उडाला. मुलं ओरडली, कॅप्टनना खुर्चीसकट गरागरा फिरवलं, वाचनालयाच्या पायरीवरून ग्रंथपाल टाळ्या वाजवत होते, निरीक्षक पुन्हा टॉवेलांखालून वाकून निघून गेल्या. या सगळ्यात आम्हा सहा खुंट्यांना सगळे विसरले. आम्ही दोर धरून तसेच उभे. फेसवाला सातवा, तोही तसाच. बराच वेळाने नात धावत आली, धापा टाकत म्हणाली, "अहो, अजून उभेच? सोडा, सोडा आता!"

"थांब जरा," सलूनवाला वर बघत म्हणाला. "वारा आहे अजून."

वारा कधीच पडला होता. तरी आमच्यापैकी कोणीही दोर सोडला नाही.